प्रयोगशाळेतल्या मामांना, एका कोऱ्या पट्टीबद्दल

आदरणीय मामा,

सादर नमस्कार.

माझ्या प्रबंधाच्या ऋणनिर्देशात तुमचा उल्लेख ‘विभागातील कर्मचारीवृंद’ एवढ्यावर उरकला गेला, याची खंत अजून आहे. फॉस्जीन हा विषारी वायू ओळखणाऱ्या फ्लुओरेसंट प्रोबवरचे (म्हणजे वायू भेटताच चमकणाऱ्या रेणूवरचे) प्रकरण ज्या निरीक्षणामुळे वाचले ते तुमचे होते, म्हणून हे पत्र चारचौघांत लिहीत आहे. शिवाय ज्या कामाची काचभांडी तुम्ही रोज घासत होतात ते काम नेमके कशासाठी चालले आहे, हे मी तुम्हाला तेव्हा कधी धड सांगितलेही नव्हते.

फॉस्जीन कीटकनाशके, पॉलियुरेथेनचा कच्चा माल आणि काही औषधे बनवताना लागतो. भोपाळला १९८४ मध्ये गळलेला मिथाइल आयसोसायनेट फॉस्जीनपासूनच बनवला जात असे. त्याला ताज्या कापलेल्या गवतासारखा वास असतो, पण नाकावर विसंबून चालत नाही. कामाच्या जागी आठ तासांसाठी त्याची मर्यादा हवेच्या दहा लाख भागांत ०.१ भाग धरतात, आणि वास जाणवू लागतो तो ती ओलांडून बरेच पुढे गेल्यावर. वायू छातीत गेलेला माणूस काही तास ठणठणीत हिंडतो आणि मग फुप्फुसांत पाणी साठू लागते. म्हणून डोळ्यांना चटकन दिसेल अशी खूण हवी होती.

आमच्या रेणूत निळा प्रकाश देणारे कुमारिन आणि त्याला जोडलेले, शेजारीशेजारी बसलेले दोन अमाइन (नायट्रोजनचे) गट होते. हा रेणू आम्ही कागदाच्या पट्टीवर लावत होतो. हे गट मोकळे असेपर्यंत त्यांचे इलेक्ट्रॉन कुमारिनची चमक दाबून ठेवतात. फॉस्जीनने दोघांना एका कड्यात बांधले की चमक सुटी होते आणि पट्टी अतिनील दिव्याखाली उजळते. (मूळ कुमारिनलाही ताज्या गवताचाच वास येतो, आणि जॉन डेव्ही यांनी १८१२ मध्ये सूर्यप्रकाशाच्या मदतीने बनवलेल्या फॉस्जीनच्या नावाचा अर्थ ‘प्रकाशातून जन्मलेला’ असा आहे, हे दोन्ही योगायोग प्रबंधातून कापले गेले.)

आमच्या पट्ट्या मात्र तीन आठवडे फॉस्जीन न दाखवताही चमकत होत्या. मी रेणूलाच दोष देत होते आणि पुन्हापुन्हा कॉलम लावून (भुकटी भरलेल्या काचनळीतून गाळून) तो शुद्ध करत होते. त्या संध्याकाळी खोलीतले दिवे बंद करून ३६५ नॅनोमीटरच्या दिव्याखाली मी ट्रे धरला, तेव्हा दारात उभे राहून तुम्ही म्हणालात, “ताई, तुमच्या ॲप्रनची बाहीपण तशीच चमकतेय. टिनोपालचा उजेड आहे हा.” मग तुम्हीच टिश्यूचा कोरा तुकडा ट्रेमध्ये ठेवलात, आणि तोही निळा उजळला. कापड आणि कागद शुभ्र दिसावेत म्हणून घातलेली द्रव्ये अतिनील प्रकाश शोषून निळा प्रकाश देतात, नेमका आमच्या रेणूच्या रंगाचा. फिल्टर पेपर संपला म्हणून साध्या कागदाच्या पट्ट्या मीच कापल्या होत्या, आणि इतक्या दिवसांत एकही कोरी, म्हणजे रेणू न लावलेली, पट्टी तुलनेला शेजारी ठेवली नव्हती. पदवीच्या पहिल्या वर्षाला शिकवतात ती गोष्ट.

त्यानंतर कोऱ्या पट्टीची सवय लागल्यामुळेच हायड्रोक्लोरिक आम्लाच्या वाफेचा घोळही वेळेत लक्षात आला. आम्लही तेच अमाइन गट अडवते आणि पट्टी उजळते. पण अमोनियाची वाफ दिली की ती चमक विझते, फॉस्जीनची मात्र टिकते.

ट्रायफॉस्जीनच्या पांढऱ्या खड्यांवर ट्रायइथाइलअमाइन टाकून फॉस्जीन मोकळा करण्याचे दिवस मला वेगळे आठवतात. फ्यूम हूडची (वायू बाहेर खेचणाऱ्या कपाटाची) काच पुरेशी खाली आली आहे आणि फॉस्जीन निकामी करणारे कॉस्टिकचे द्रावण हाताशी आहे, हे पाहिल्याशिवाय तुम्ही बाटली उघडू देत नव्हतात. सुट्टी झाल्यावरही तुम्ही बाहेरच्या बाकावर बसून राहायचात, निघताना “दम लागत नाही ना?” असे विचारायचात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ली लावायच्या आधी पुन्हा तेच. हा वायू उशिरा अंगावर येतो हे मी तुम्हाला कधीच सांगितले नव्हते. ते तुम्हाला कुठून ठाऊक होते, हे विचारायचे राहून गेले आहे.

टिश्यूच्या खोक्यावर तुम्ही निळ्या स्केचपेनने लिहिलेले ‘दिव्याखाली नेऊ नये’ अजून तसेच आहे. नव्या मुली ते वाचून हसतात, आणि मग मी खोली अंधारी करून दिवा लावते.

आपली कृतज्ञ,
तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेतली विद्यार्थिनी