गाडी उचला, पण नेली कुठे ते तरी सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रस्त्यात आडवी लावलेली गाडी पोलिसांनी उचलावी, याला माझा विरोध नाही. पण ती नेली कुठे हे मालकाला कळण्याची काहीच सोय नसावी, ही कुठली रीत? मराठवाड्यात याचा फटका बसतो तो मुख्यतः आम्हा तालुक्याच्या माणसांना. शहरातला माणूस दुचाकीवर येतो, कुठली गल्ली सुरक्षित ते त्याला ठाऊक असते. पेशंट घेऊन चारचाकीने येणारे आम्ही. आज ही बाजू सम तारखेची की विषम, हेही आम्हाला चौकशी करूनच कळते.

गेल्या महिन्यात आईला डोळे दाखवायला शहरात नेले होते. शहराचे नाव मुद्दाम लिहीत नाही. दवाखाना भर बाजारपेठेत. इमारतीच्या तळघरात गाड्या लागायच्या, तिथे आता मेडिकल आणि रक्त तपासायची लॅब. म्हणून समोर रस्त्याच्या कडेला गाड्यांची रांग होती, त्या रांगेत आमचीही लावली. तपासणीसाठी आईच्या डोळ्यांत बाहुली मोठी करायचे थेंब टाकले होते. बाहेर आलो तेव्हा तिला उन्हात डोळे उघडवत नव्हते आणि गाडी जागेवर नव्हती.

अशा वेळी मनात आधी चोरीच येते. शेजारचा पानटपरीवाला म्हणाला, “क्रेनवाल्यांनी नेली की काका, आत्ताच.” कुठे, ते त्यालाही पक्के माहीत नव्हते. चौकीच्या मैदानात बघा, नाहीतर मागच्या ग्राउंडवर. आईला दवाखान्याच्या पायरीवर बसवून मी रिक्षाने दोन्हीकडे हिंडलो. नो पार्किंगचा बोर्ड नव्हता का, असे कुणी विचारील. होता. एका भाऊंच्या वाढदिवसाच्या फ्लेक्समागे होता. तो फ्लेक्स काढायला क्रेनही लागत नाही, तरी आम्ही निघालो तेव्हा तो तसाच होता.

दंड ५०० रुपये. क्रेनचे भाडे वेगळे, रिक्षा वेगळी, आणि घरी सोयाबीन काढणीला माणसे लावलेली होती तो खोळंबा वेगळाच. दंडाची पावती मशीनमधून निघाली. क्रेनच्या पैशांची मात्र मागितल्यावर मिळाली, तीही हाताने लिहिलेली. गाडीला हँडब्रेक लावलेला होता. पुढची चाके उचलून ओढली तर जाम झालेली मागची चाके रस्त्यावर घासत जातात, हे कुठलाही मेकॅनिक सांगेल. मागे चाकाची ट्रॉली लावली होती का, असे विचारले तर उत्तर नाही. टायरची भरपाई कोणाकडे मागायची, त्याचेही नाही.

मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम १२७ मी घरी येऊन वाचून घेतले. पार्किंगला मनाई असलेल्या जागेतली गाडी हलवायचा आदेश हद्दीतला गणवेशातला पोलीस अधिकारी देऊ शकतो आणि ओढून नेण्याचा खर्च दंडाशिवाय मालकावरच पडतो. म्हणजे पैसे घेण्यात बेकायदा काही नाही. पण त्याच कलमात गाडी जागेवरच जखडून ठेवायचीही मुभा आहे, ज्याला आपण जॅमर म्हणतो. रस्ता खरोखर तुंबला असेल तर उचलाच. कडेच्या रांगेतल्या गाडीला मात्र फोटो काढून ई-चलन पुरे होते, फार तर जॅमर. किमान गाडी चोरीला गेलेली नाही एवढे तरी माणसाला दिसते.

या प्रकरणात मला सगळ्यात झोंबली ती एक गोष्ट. गाडी सोडवून आम्ही गावाच्या रस्त्याला लागलो तेव्हा मोबाईलवर ई-चलनाचा मेसेज आला. म्हणजे गाडीच्या नंबरवरून मालकाच्या मोबाईलपर्यंत पोचायची यंत्रणा यांच्याकडे आहे, पण ती फक्त वसुलीपुरती. क्रेनचा हूक लावायच्या आधी फोटो काढून तोच मेसेज पाठवला आणि त्यात गाडी कुठल्या मैदानात नेतोय ही एक ओळ घातली, तर त्याला कोणते मोठे बजेट लागणार आहे?

तळघराचे दुखणे तर जुनेच आहे. बांधकामाच्या नकाशात पार्किंग दाखवल्याशिवाय एवढ्या मोठ्या इमारतीला परवानगी मिळत नाही. मंजुरी हातात आली की त्याच जागेत शटर लागते. मंजूर वापर बदलला तर कारवाई करायचा अधिकार १९६६ च्या नगररचना कायद्याने दिलेला आहे. लातूरची गंजगोलाई घ्या, संभाजीनगरचा गुलमंडी-पैठण गेट भाग घ्या, नांदेडचे वजिराबाद घ्या, जुन्या बाजारपेठांत नवी जागा निर्माण होणे अवघड आहे. पण इमारतींनी गिळलेली जागा परत घेता येते. गाडीवाल्यावर जो वेग दाखवतात तो तिथे का दिसत नाही, हे नगररचना विभागाने एकदा सांगावे.

मेसेजची सोय होईपर्यंत एवढे तरी करावे. गाडी उचलली त्या जागी खडूने तिचा नंबर आणि चौकीचा फोन लिहावा, क्रेनच्या भाड्याचे दर क्रेनवरच रंगवावेत, आणि बोर्डावरचे फ्लेक्स आधी उतरवावेत.

आपला,
एक वाचक
ता. सेलू, जि. परभणी