बाबा, अँटिव्हायरस राहू द्या, हार्ड डिस्क घेऊ

बंगळुरू,
१८ जानेवारी २०२६

तीर्थरूप बाबा आणि आई,
शिरसाष्टांग नमस्कार.

हे फोनवर सांगितलं असतं तर बाबा "बरं बरं" म्हणाले असते आणि सोमवारी चौकातल्या दुकानातून अँटिव्हायरसचं तीन वर्षांचं पॅक घेऊन आले असते. म्हणून लिहितेय. लाइटबिल ठेवता तसं हेही कीबोर्डखाली ठेवा.

आधी माझी कबुली. आईने फोटो पाठवला ना, उजव्या कोपऱ्यात लाल अक्षरांत 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस', तो व्हायरस नव्हेच. आणि तो उद्योग माझाच आहे. दिवाळीत मॅच फुकट बघायच्या नादात मी कुठलीशी साइट उघडली, तिने परवानगी मागितली आणि मी न वाचता 'अलाउ' दाबलं. तेव्हापासून ती आपल्या घरात जाहिराती टाकतेय. आई, तुझा फोटो मोठा करून बघ, खाली बारीक अक्षरांत त्या साइटचं नाव आणि क्रोमचं गोल चिन्ह आहे. त्या चौकटीवर कुठेही क्लिक करू नकोस. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशनची यादी असते, तिथून ते नाव काढलं की संपलं. रविवारी व्हिडिओ कॉलवर दोघी मिळून काढू. दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसणाऱ्या मुलीने हे करावं, यावर बाबांना आठ दिवस बोलायची मुभा आहे.

आता अँटिव्हायरसचं. बाबा, तो आपल्याकडे आहे. विंडोजबरोबरच येतो, डिफेंडर नावाचा, वेगळे पैसे पडत नाहीत. घड्याळाजवळच्या छोट्या बाणावर क्लिक केलंत की ढाल दिसेल. तिच्यावर हिरवी खूण असली की तो कामावर आहे. जर्मनीतल्या माग्डेबुर्गला आणि ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकला अँटिव्हायरस तपासणाऱ्या संस्था आहेत. त्यांच्या चाचण्यांत हा गेली काही वर्षं विकतच्यांच्या बरोबरीने बसतो. दुसरा कुठला घातला की डिफेंडर आपणहून बाजूला होतो, आणि बाहेरचे दोन-दोन बसवले तर आपलं नऊ वर्षांचं मशीन चहा होईपर्यंत सुरू व्हायचं नाही.

क्विक हील अँटिव्हायरसवर तुमचा जीव का आहे ते मला माहीत आहे. आपल्या सातारा जिल्ह्यातले काटकर बंधू; थोरल्याने पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करत सुरुवात केली आणि धाकट्याने व्हायरस काढायचा प्रोग्रॅम लिहिला. अभिमान वाटण्यासारखंच आहे, आणि त्यांचा माल वाईट नाही. माझं स्वतःचं दुकान असतं, दिवसाला पन्नास जणांचे पेन ड्राइव्ह लागत असते, तर मी विकतचाच घेतला असता. आपल्या घरी दोन माणसं, एक यूट्यूब आणि एक वंशावळ. आणि शेजारच्या काकांनी सुचवलेला 'फुकट मिळतो तो' तर नकोच. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२४ साली अवास्ट या फुकट अँटिव्हायरस देणाऱ्या कंपनीला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. लोक इंटरनेटवर काय बघतात ती माहिती विकली, हा ठपका होता.

मला काळजी आहे ती वेगळीच. आपल्याकडे विंडोज १० आहे आणि त्याला मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ पासून नेहमीचे अपडेट देणं बंद केलंय. डिफेंडरला नवनव्या व्हायरसची माहिती अजून मिळत राहील, पण खुद्द विंडोजमध्ये सापडणारी भोकं कोण बुजवणार? वॉचमन जागा आणि मागच्या दाराची कडी मोडकी, अशी गत. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाच्या व्हायरसने जगभरची कॉम्प्युटरं बंद पाडली, आठवतं? त्या भोकावरचा इलाज मार्चमध्येच आलेला होता, ज्यांनी अपडेट केलं नव्हतं ते सापडले. आपल्यासाठी तात्पुरती सोय आहे. मायक्रोसॉफ्टचं खातं जोडून नाव नोंदवलं की ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळतात. ते मी आले की करते. त्याच्या पुढे मशीन बदलावं लागेल. 'अजून चांगलं चालतंय की' हे वाक्य मी आत्ताच ऐकल्याचं समजते.

बाबा, गेल्या मे महिन्यातली ती संध्याकाळ. झेरॉक्सच्या दुकानातून पानं छापून आलात, पेन ड्राइव्ह लावला, आणि वंशावळीच्या अकरा फोल्डरांच्या जागी अकरा शॉर्टकट, प्रत्येक एकेक केबीचा. तुम्ही काही बोलला नाहीत, नुसता चष्मा काढून पुसत बसलात. आईने मला खुणेने आत बोलावलं. फायली गेल्या नव्हत्या, त्या व्हायरसने लपवून ठेवल्या होत्या. काळ्या खिडकीत एक ओळ टाइप केली आणि फोल्डर परत आले. डिफेंडरने तो व्हायरस पेन ड्राइव्ह लावल्या लावल्याच पकडला होता. लागण दुकानातल्या मशीनला होती. तिथे विकतचा अँटिव्हायरस होता, मुदत संपलेला. तेव्हा इथून पुढे छापायचं ते पीडीएफ करून दुकानदाराला व्हॉट्सअॅपवर पाठवायचं. तुमचे जुने फाँट त्याच्याकडे नाहीत म्हणून होणारी कटकटही त्याने मिटेल.

पण समजा कॉम्प्युटरमधली डिस्कच बसली असती तर? कुठल्याही अँटिव्हायरसने ती उठवली नसती. सात पिढ्यांची नावं, वाईच्या भाऊकाकांकडून उतरवून घेतलेली ती वही, सगळं एकाच डब्यात आहे. त्या पॅकच्या पैशांत थोडी भर घालून बाहेरून लावायची हार्ड डिस्क घेऊ. महिन्यातून एकदा लावायची, कॉपी करायची, आणि काढून आईच्या कपाटात ठेवायची. काढून ठेवणं महत्त्वाचं. लावलेली राहिली तर खंडणी मागणारा व्हायरस तिच्यावरही कुलूप घालतो.

आई, हे तुझ्यासाठी. 'कंपनीतून बोलतोय, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस दिसतोय' असा फोन आला तर तो चोर. कुठलीही कंपनी असा फोन करत नाही. एनीडेस्क (दुरून आपलं मशीन चालवू देणारं अॅप) घ्या म्हणाला की फोन ठेवून दे, गोड बोलत असला तरी. व्हॉट्सअॅपवर लग्नपत्रिका आली आणि नावाच्या शेवटी एपीके असेल तर ती पत्रिका नव्हे, फोनमध्ये अॅप घुसवणारी फाइल, कितीही जवळच्या माणसाने पाठवलेली असो. पैसे गेलेच तर मला फोन करायच्या आधी १९३०, सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर. तास-दोन तासांत कळवलं तर पुढे जाणारे पैसे अडवता येतात. मी रागवेन म्हणून लपवू नका; 'अलाउ' मीच दाबलं होतं.

आणि माझ्या आवाजात कुणी पैसे मागितले तर आजीच्या म्हशीचं नाव विचारा.

मी ७ फेब्रुवारीला सकाळच्या गाडीने येतेय. तोवर तो पेन ड्राइव्ह किल्ल्यांच्या जुडग्यातून काढून ठेवा, आणि हरभऱ्याची डहाळी मिळाली तर आणून ठेवा.

तुमची,
मनू