रुसुमोच्या पुलावरून बाबांना

किगाली, रवांडा
९ जून २०२४

तीर्थरूप बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

पत्रास कारण की, मागच्या रविवारी फोनवर बाबांनी विचारलं, "तू तिथे नेमकं काय मोजतेस?" आणि मी "ट्रक मोजते" एवढंच सांगून मोकळी झाले. आईला माझ्या खोकल्याची काळजी लागली होती, विषय तिकडे वळला. खोकला पूर्ण गेला, आई. पाऊस संपलाय, कोरडे दिवस सुरू झालेत, सकाळी स्वेटर लागतो. पण बाबांचा प्रश्न आठवडाभर मनात राहिला. हे काम मी मुळात शिकले ते बाबांच्या जकात नाक्यावरच, आणि त्यांनाच ते धड सांगितलं नाही याची रुखरुख लागली. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

बाबा, रात्रपाळीला तुमचा डबा घेऊन दादाबरोबर मी यायची तेव्हाचं रजिस्टर अजून डोळ्यांसमोर आहे. गाडी नंबर, माल, नग, वजन, वेळ, सही. एकदा नव्या कारकुनाने वेळेच्या रकान्यात पावती फाडल्याची वेळ टाकली, तेव्हा तुम्ही त्याला म्हणालात, "गाडी उभी राहिली ती वेळ लिही. पावतीची वेळ पावतीवर आहेच." मी तेव्हा आठवीत असेन. आज इथे माझं निम्मं काम त्या एका वाक्यावर चालतं.

हा देश केवढा, तर २६,३३८ चौरस किलोमीटर. आपल्या महाराष्ट्राच्या बाराव्या हिश्श्याहून जेमतेम थोडा मोठा. २०२२ च्या जनगणनेत लोकसंख्या एक कोटी बत्तीस लाख भरली. समुद्र नाही, रेल्वे नाही. गहू, सिमेंटचं क्लिंकर, पेट्रोल, औषधं, गाड्यांचे सुटे भाग, जे काही बोटीने येतं ते दोनच वाटांनी येतं. एक टांझानियातल्या दार एस सलामहून, सुमारे १,५०० किलोमीटर. दुसरी केनियातल्या मोम्बासाहून युगांडामार्गे, सुमारे १,७०० किलोमीटर. म्हणजे या देशाचे दोन्ही दरवाजे दुसऱ्यांच्या घरात आहेत. बंदरात कंटेनर अडकला, वाटेत पूर आला, शेजाऱ्याने नियम बदलला, तरी त्याचे पैसे किगालीतला माणूस मोजतो. या मार्च ते मेच्या पावसात केनिया आणि टांझानियात महापूर आले, ते तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल. आम्ही ते आमच्या तक्त्यात पाहिलं.

गेल्या महिन्यात चार दिवस मी रुसुमोला होते. टांझानियाकडून येणारा मुख्य नाका तिथे आहे. खाली अकागेरा नदी आणि तिचा धबधबा, वर पूल. पाणी गढूळ तांबडं, आणि आवाज इतका की पुलावर एकमेकांशी ओरडून बोलावं लागतं. टांझानियात गाड्या आपल्यासारख्या डावीकडून चालतात, रवांडात उजवीकडून. त्यामुळे लांबलचक ट्रेलर पुलाजवळ बाजू बदलतात. पहिल्या दिवशी मी तेच पाहत उभी राहिले. याच पुलावरून १९९४ च्या वंशसंहाराच्या वेळी, एप्रिलअखेरीस, साधारण एका दिवसात अडीच लाख माणसं जीव घेऊन टांझानियात गेली. माझ्याबरोबरच्या सहकारी बाई वहीत ट्रकचे नंबर लिहिताना मध्येच थांबून नदीकडे बघत राहिल्या. मी काही विचारलं नाही.

एप्रिल २०१६ पासून इथे दोन्ही देशांचा मिळून एकच थांबा रीतसर सुरू झाला. रवांडात येणारी गाडी फक्त रवांडाच्या बाजूला थांबते, आणि तिथेच टांझानियाचे अधिकारी शेजारच्या खिडकीत बसलेले असतात. पूर्वी दोन्हीकडे दोनदा कागद दाखवावे लागायचे. व्यवस्था खरंच चांगली आहे. पण माझा प्रश्न निराळा होता. संगणकात नाक्यावरचा वेळ मोजला जातो तो क्लिअरिंग एजंटने कागद दाखल केल्यापासून. रात्री अकराला आलेला ट्रक रांगेत उभा राहतो, ड्रायव्हर गाडीच्या आडोशाला जिको, म्हणजे कोळशाची शेगडी, पेटवून मक्याच्या पिठाची उगाली शिजवतो, झोपतो, आणि एजंट सकाळी आठला कागद टाकतो. संगणकाच्या लेखी तो ट्रक सकाळी आठला आला. नऊ तास कुठेच नाहीत. ना बंदराच्या खात्यात, ना नाक्याच्या.

म्हणून आम्ही दोघी दोन रात्री रांगेच्या टोकाला वही घेऊन बसलो. नंबरप्लेट, उभं राहिल्याची वेळ, माल, भरलेला की रिकामा. आता इलेक्ट्रॉनिक सील असतात, त्यांच्यावरून गाडी वाटेत कुठे थांबली ते कळतं, पण ती सगळ्या गाड्यांना नसतात, आणि ती का थांबली हे तर सील सांगतच नाही. एका टांझानियन ड्रायव्हरने मला चहा दिला आणि विचारलं, हे लिहून काय होणार? मी म्हटलं, तुमची रात्र कागदावर येईल. त्याने मग मागच्या चार गाड्या कधी आल्या तेही नीट सांगितलं, आणि ते खरं निघालं.

वेळेचा आकडा देण्यातही एक खोच आहे. पहिल्या तिमाहीचा तक्ता मी केला तेव्हा दार एस सलाम ते किगाली या प्रवासाची सरासरी काढून दिली. त्याच बाईंनी बघितलं आणि शांतपणे विचारलं, "यातला हा ट्रक कोणता?" असा ट्रक नव्हताच. समजा दहा गाड्यांपैकी नऊ चार दिवसांत पोचल्या आणि एक बिघडून चाळीस दिवसांनी. सरासरी येते ७.६ दिवस, आणि तेवढे दिवस एकाही गाडीला लागलेले नाहीत. मध्यक, म्हणजे सगळ्या गाड्यांचे दिवस चढत्या क्रमाने लावून मधोमध येणारा आकडा, काढला तर चार दिवस, जे नऊ जणांचं खरं आहे. पण नुसता मध्यक दिला तर चाळीस दिवस अडकलेला दिसेनासा होतो, आणि व्यापाऱ्याला भीती त्याचीच असते. ज्याला माल चौथ्या दिवशी येईल की चाळिसाव्या हे ठाऊक नाही, तो गोदामात जास्तीचा माल भरून ठेवतो, त्यात पैसा अडकतो, आणि दुकानात भाव चढतो. म्हणून आता आम्ही मध्यक देतो आणि शेजारी सगळ्यात उशिरा आलेल्या दहा टक्के गाड्यांचा वेगळा रकाना. बाबा, तुम्ही लाल शाईने खूण करायचात ना रखडलेल्या गाड्यांना, तसंच.

दुसरा रकाना माझ्या फार जिव्हाळ्याचा, रिकाम्या फेरीचा. रवांडा बाहेरून घेतो खूप आणि पाठवतो त्या मानाने थोडं. कॉफी, चहा, कथील, टंगस्टन, टँटलम. सोनंही जातं, पण ते विमानाने. त्यामुळे भरून आलेल्या बऱ्याचशा गाड्या परत जाताना रिकाम्या. आपल्याकडचा कुठलाही हुंडेकरी सांगेल, परतीचा माल नसला की जातानाच्या भाड्यात येण्याचं भाडं धरलेलंच असतं. इथे तेच होतं, फक्त दीड हजार किलोमीटरसाठी. आणि हे भाडं व्यापाराच्या आकड्यांत लपून बसतं. आयातीची किंमत धरतात ती भाडं आणि विमा मिळवून. भाडं वाढलं की माल तेवढाच असूनही आयात वाढल्यासारखी दिसते. तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे बोटी आफ्रिकेला वळसा घालू लागल्यापासून मी प्रत्येक तक्त्यात पैशांशेजारी टनांचा रकाना ठेवायचा हट्ट धरला आहे. टन खोटं बोलत नाहीत. निदान कमी बोलतात.

मग येतो बाहेरून दिलेला क्रमांक. जागतिक बँक वाहतूक आणि मालपुरवठ्याच्या कामगिरीवर देशांची क्रमवारी लावते, २००७ पासून. रवांडा २०१२ मध्ये १३९ वा होता, २०१४ मध्ये ८० वा, २०१८ मध्ये ५७ वा. सुधारणा खरी आहे, कागदपत्रं संगणकावर आली, नाके एकत्र झाले, हे सगळं त्याच वर्षांतलं. पण दोन वर्षांत एकोणसाठ पायऱ्या कुठलाही रस्ता चढत नाही. हे गुण मुख्यतः परदेशातले मालवाहतूकदार देतात, त्यांचा ज्या देशांशी व्यवहार असतो त्यांना. चीन किंवा जर्मनीबद्दल सांगणारे पुष्कळ, रवांडाबद्दल सांगणारे मूठभर. त्यातल्या दोघा-तिघांचा अनुभव बदलला तरी देश वर-खाली होतो. क्रमांक वर गेला की सगळ्यांना आनंद होतो, खाली आला की सभा भरतात. मला वाटतं, लहान देशाने स्वतःच्या नाक्यावर स्वतः मोजलेलं हाताशी ठेवावं. नाहीतर आपल्या घरात किती वाजले ते शेजाऱ्याच्या घड्याळावरून ठरवावं लागतं.

आकड्यांच्या मागची गोष्ट ठाऊक नसेल तर घरातही फसगत होते. उत्तरेला युगांडाच्या सीमेवर गातुना नावाचा नाका आहे. २०१९ च्या फेब्रुवारीत तो बंद झाला, ३१ जानेवारी २०२२ ला उघडला. नुसता गातुनाचा रकाना पाहिला तर वाटेल मोम्बासाची वाट मेली. त्याच सीमेवरच्या कागितुंबा नाक्याचा रकाना शेजारी ठेवला की कळतं, ट्रक तिकडून वळून येत होते, जास्त अंतर कापून. अशा ठिकाणी मी आता तळटीप लिहिते. रस्त्यावरच्या वाहनांच्या मोजणीलाही तेच, महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सकाळी अख्खा देश उमुगांडाला, म्हणजे सार्वजनिक श्रमदानाला जातो, रस्ते ओस असतात. त्या दिवशी कुणी मोजणी लावली तर ती वाया.

आता ज्यासाठी मुख्यतः हे पत्र लिहायला बसले ते. पश्चिमेला रुबावू गाव आहे, पलीकडे लागूनच काँगोचं गोमा शहर. तिथला छोटा नाका पायी जाणाऱ्यांचा. चांगल्या दिवसांत हजारो माणसं तिथून रोज ये-जा करतात, बहुतेक बायका. डोक्यावर टोमॅटो, कोबी, केळी, अंडी, दूध. सकाळी जायचं, विकायचं, संध्याकाळी परत. गोमाभोवती गेली दोन वर्षं लढाई चालू आहे, नाक्याच्या वेळा कमी झाल्यात, तरी बायका जातात, कारण चूल त्यावर पेटते. हा माल कस्टमच्या कागदावर येत नाही. म्हणून त्याची वेगळी पाहणी होते, गणक नाक्याजवळ बसून प्रत्येक टोपली पाहतात आणि लिहितात.

मी मार्चमध्ये एक दिवस त्यांच्यात बसले. एक बाई आली, पाठीला बाळ, डोक्यावर प्लॅस्टिकची बेसिन, त्यात टोमॅटो शिगोशीग. गणक मुलाने लिहिलं, टोमॅटो, एक बेसिन. मी विचारलं, किलो किती? त्याने आधी तोलून ठेवलेल्या मापाचा कागद काढला, एका बेसिनचे अमुक किलो. पण ती बेसिन वरपर्यंत रचलेली होती, आणि मागून आलेल्या बाईची काठाला टेकलेली. दोघींची नोंद सारखीच झाली. प्रत्येकीला थांबवून तोलायचं म्हटलं तर तिची बाजाराची वेळ जाते, आणि आपण कर घ्यायला बसलोय असं वाटून उद्या ती दुसऱ्या वाटेने जाते. ते तर कधीच होऊ द्यायचं नाही. एका ट्रेलरपुढे ती बेसिन म्हणजे काहीच नाही, पण दिवसभराच्या सगळ्या बेसिनी मिळून किती ट्रक होतात ते माहीत झाल्याशिवाय तिथे छप्पर, पाणी, बाळांसाठी जागा कुणी बांधणार नाही.

तर बाबा, तुम्हाला हे विचारायचं आहे. तुमच्या नाक्यावरून पहाटे भाजीच्या पाट्या डोक्यावर घेऊन बायका जायच्या, मला आठवतात. त्यांची नोंद तुम्ही कशी करायचात? नग लिहायचात की नजरेने वजन? शिगेची पाटी आणि सपाट पाटी यांत फरक धरायचात का, आणि न थांबवता तो कसा ओळखायचात? पानसरे काकांनाही विचारा, ते तुमच्याहून जुने. फोनवर घाईत सांगू नका, लिहून पाठवा, दादाला फोटो काढून धाडायला सांगा. पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात मी रुबावूला जातेय, त्याआधी हवंय.

आईला सांगा, लोणचं अजून अर्धी बरणी आहे आणि माझ्या शेजारच्या टेबलावरच्या बाईंना ते फार आवडलं. आजीला माझा नमस्कार, वहिनीला आणि छोट्याला आशीर्वाद.

तुमची,
मीनल