विजूची केमन आणि आपले जुने भांडण

कोल्हापूर

प्रिय बापू,

सप्रेम नमस्कार. माझा रक्तदाब गोळीवर ठीक आहे. पत्राचे कारण विजू. त्याची सेकंडहँड पोर्शे ७१८ केमन तू फोटोत पाहिलीसच. परवा गगनबावड्याच्या पुढे, करूळ घाटाच्या तोंडाशी, त्याने ऐटीत ईएससीचे, म्हणजे गाडी घसरू लागली की सावरणाऱ्या यंत्रणेचे, बटण बंद केले आणि वर मला ऐकवले, "बापूदादा म्हणतात, हे चालू असेपर्यंत गाडी तुम्ही चालवतच नाही." लंगोटाला मागून दोरी बांधून कुस्ती खेळवल्यासारखे आहे, हा तुझा दाखलाही त्याला तोंडपाठ आहे. भांडण आपल्या दोघांपुरते होते, तेव्हा मला त्याची मजा वाटत असे.

तुझे मत पहिल्या पिढीच्या यंत्रणांवर बेतलेले आहे, हे मी तेव्हाही म्हणत होतो. बॉश आणि मर्सिडीझ यांनी १९९५ मध्ये एस-क्लासमधून ही यंत्रणा आणली, ती गाडी सांभाळण्यासाठी. चालकाच्या मौजेचा विचार पुढे आला. पण तिला वेगाशी वैर नाही. स्टीअरिंग किती वळवले आहे यावरून ती चालकाचा इरादा ओळखते, गाडी प्रत्यक्षात किती फिरते आहे हे दुसऱ्या सेन्सरवरून मोजते, आणि दोहोंत तफावत पडली तरच हात घालते: शेपूट सुटू लागली तर वळणाबाहेरच्या बाजूचे पुढचे चाक ब्रेकने आवळते, नाक बाहेर ओढू लागले तर आतल्या बाजूचे मागचे, आणि गरजेप्रमाणे इंजिनाचा जोरही कमी करते. नेटका चालक घाट वेगाने चढला तरी पिवळा दिवा क्वचितच लुकलुकतो. विजूचा मात्र कोरड्या रस्त्यावरही लुकलुकत होता, कारण स्टीअरिंग सरळ होण्याआधीच तो अ‍ॅक्सिलरेटर दाबतो. बटण बंद केल्यावर दिव्याने चुगली करणे थांबवले, एवढेच.

खरी काळजी पुढची आहे. केमनचे इंजिन मध्यभागी असल्यामुळे ती चटकन वळते, आणि मर्यादा ओलांडली की तितक्याच चटकन गरकन फिरते. वळणात घाबरून पाय उचलला की भार पुढच्या चाकांवर जातो, मागची हलकी होतात. तेव्हा स्टीअरिंग उलट फिरवायला जेमतेम क्षण मिळतो. समोरून एसटी येत असेल तर तोही नाही.

तुझे एक म्हणणे मात्र मला मान्य आहे. नेहमीच्या मोडमध्ये यंत्रणा फार लवकर हात घालते, आणि ट्रॅकवर सतत मागचे ब्रेक वापरून ते तापवते. म्हणूनच तर मधली पायरी निघाली. फेरारीने २००४ च्या एफ४३० मध्ये स्टीअरिंगवर मानेत्तिनोची, म्हणजे मोड निवडायची, कळ दिली, बीएमडब्ल्यूच्या एम गाड्यांत एम डायनॅमिक मोड आला, आणि विजूच्या गाडीत स्पोर्ट क्रोनो हा जादा पॅक असल्यामुळे पीएसएम स्पोर्ट, म्हणजे पोर्शेच्या याच यंत्रणेचा सैल मोड, आहे. त्यात शेपूट थोडी सरकू दिली जाते, हाताबाहेर जाऊ लागली तरच आवरली जाते. अर्थात, गुळगुळीत टायर आणि पावसातला चिखल यांच्यापुढे कोणताही मोड नवी पकड निर्माण करीत नाही, हेही त्याला कोणीतरी सांगायला हवे.

माझे तो ऐकत नाही. मी त्याच्या लेखी घाबरट मास्तर आहे. तू फोन कर. घाटात पीएसएम स्पोर्टच्या पुढे जायचे नाही, संपूर्ण बंद करायचे तर बंदिस्त ट्रॅकवर, आणि तेही शिकवणारा शेजारी बसलेला असताना, असे तुझ्याच दमदार आवाजात सांग. तुझे मत बदलले नसले तरी चालेल.

पुण्यातल्या नव्या घराचे काय झाले? वहिनींची बदली टळली का? चिरंजीवांना आशीर्वाद. दिवाळीला आलास की उरलेले भांडण तांबड्या-पांढऱ्यावर पूर्ण करू. फोन मात्र या रविवारच्या आत कर, कारण विजू पुन्हा बावड्याला निघाला आहे.

तुझा,
अण्णा