मास्तर, रक्तातून पायात काही उतरत नाही

ति. मास्तर यांस,

शि. सा. नमस्कार वि. वि.

तुम्ही मोबाईलला हात लावत नाही, म्हणून हे पत्र नातवाकडून वाचून घ्या. चारचौघांत कौतुक केलेलं तुम्हाला खपत नाही, तेव्हा नाव-गाव लिहीत नाही. ज्यांनी तुमच्या ढोलकीवर काम केलंय त्यांना ते लिहायची गरजही नाही.

परवा एका यात्रेत गावकऱ्यांनी माझा सत्कार केला. निवेदक म्हणाला, "बाईंची ही तमाशातली तिसरी पिढी, कला रक्तातच आहे." टाळ्या पडल्या, मी हात जोडले, नारळ घेतला. पण मास्तर, मला तेव्हाच वाटलं की हे कधीतरी जाहीर लिहिलं पाहिजे. आजी नाचायची, आई नाचायची, चुलते सरदार म्हणजे फडाचे म्होरके, मामा सोंगाड्या. एवढं सगळं घरात असून मला शिकवलं ते घराबाहेरच्या माणसानं.

तमाशाच्या घरात पोरीला कुणी शिकवत नाही, हे बाहेरच्यांना सांगून पटत नाही. लेकरू कनातीमागे ढोलकी ऐकत झोपतं, ट्रकमध्ये पेट्यांवर बसून गावं पालथी घालतं, आणि जरा उंची आली की त्याला रंगबाजीच्या, म्हणजे नाचगाण्याच्या, रांगेत शेवटी उभं करतात. विहिरीत ढकलून पोहायला शिकवायची रीत. काहीजणी तरतात. ज्या तरत नाहीत त्यांना "हिच्यात आईचं काही उतरलं नाही" म्हणतात आणि विषय संपतो. आईचं आईला तरी कुणी शिकवलं होतं?

तुम्ही भजनी मंडळातल्या पखवाजाच्या घरातले. ढोलकी गळ्यात घातली म्हणून भावकीनं तुम्हाला बरीच वर्षं दारात उभं केलं नाही, हे मला आईकडून कळलं, तुमच्या तोंडून कधी नाही. पठ्ठे बापूराव रेठरे हरणाक्षच्या कुलकर्ण्यांच्या घरातून तमाशात आले, त्यांचं नाव घेऊन कुणी तुमची थट्टा केली तर तुम्ही म्हणायचात, "ते कवी होते, मी कातडं बडवणारा." पण बाहेरून आल्यामुळेच असेल, तुम्हाला ठाऊक होतं की ही गोष्ट शिकावी लागते.

पावसाळ्यात फड बंद असायचा तेव्हा तुम्ही पहिल्यांदा माझ्या पायातले चाळ सोडायला लावलेत. मला रडू आलं होतं. चाळ नसले तर नाचणारीण कसली? तुम्ही म्हणालात, "घुंगरू सगळं झाकतं. आधी तुझी नुसती टाच ऐकू दे." फळ्यांवर उभं केलंत आणि ढोलकीही घेतली नाहीत, नुसती टाळी. लय निम्मी. पाठ माझ्याकडे करून बसायचात आणि तरीही कळायचं तुम्हाला. "समेच्या आधी श्वास घेतलास, म्हणून पाय मागं राहिला." श्वास ऐकू येतो माणसाला?

आणि गौळणीत मावशीशी, त्या हसवणाऱ्या पात्राशी, बोलायचं ते. हशा चढत असताना बोलायचं नाही, उतरायला लागला की बोलायचं, पार विरला तर उशीर झाला. आज मी नव्या पोरींना हे सांगते तेव्हा त्या वहीत लिहून घेतात. लिहून काय होतंय, पण घेऊ देत.

विठाबाई नारायणगावकरांचा विषय निघाला की तुम्ही चिडायचात, ते आता समजतं. भाऊ-बापू नारायणगावकरांच्या घरातली ती लेक, आजोबांनी उभा केलेला फड, पुढे त्यांची लेक मंगलाताई बनसोडेंनीही स्वतःचा फड गाजवला. लोक मात्र एकच गोष्ट सांगतात, वगाच्या, म्हणजे तमाशातल्या नाट्याच्या, मधेच कनातीमागे बाळंत झाल्या आणि पुन्हा उभ्या राहिल्या. तुमचं म्हणणं, "बाळंतिणीला त्या रात्री परत नाचावं लागलं याचं कौतुक कसलं करता? तिच्या आवाजाबद्दल बोला, अदाकारीबद्दल बोला." राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान झालेली बाई, 2002 साली गेली ती हलाखीत. आता तिच्या नावानं सरकार दरवर्षी जीवनगौरव पुरस्कार देतं. चांगलंच आहे ते. पण नाचणारीनं कष्ट किती सोसले यापेक्षा तिला काय येत होतं हे आधी विचारावं, हे मी तुमच्याकडून शिकले.

आता ते वगाचं. घरच्या फडात मी रांगेतच होते, कारण वगात बोलायला चुलत्यांच्या मते माझा आवाज "बारीक" होता. ऐन चैत्रात, रोज नवं गाव असताना, तुम्ही गण सुरू व्हायच्या आधी त्यांना सांगितलंत की पोरीला आज वगात उभी करा, नाहीतर ढोलकी दुसऱ्याकडून वाजवून घ्या. त्या वेळी दुसरा ढोलकीवाला कुठून आणणार होते! शिव्या देत का होईना, त्यांनी मला राणीच्या दासीचं काम दिलं. चार वाक्यं. तुम्ही प्रत्येक वाक्याआधी इतकी जागा सोडलीत की प्रेक्षकांना वाटलं काहीतरी मोठं बोलणार आहे ही. त्या वर्षीची उचल, आगाऊ घेतलेले पैसे, फिटायची होती तुमची, मालकाशी असं बोलणं परवडणारं नव्हतं, हे मला फार पुढे उमगलं, जेव्हा मी स्वतः पावसाळ्यात उचल घेऊन पुढच्या सीझनभर ती फेडायला लागले.

आणि 2020. पाडवा 25 मार्चला होता. नारायणगावच्या राहुट्यांवर, फडांच्या बुकिंगच्या तंबूंवर, गावोगावचे लोक तमाशाची सुपारी द्यायला यायचे दिवस, आणि त्याच दिवसापासून देश बंद. चैत्राच्या यात्रा गेल्या म्हणजे आमचं वर्षच गेलं. पुढचं वर्षही तसंच. तुम्ही बाजरीची पोती पाठवलीत त्याबद्दल आईनं तुमचे आभार मानलेच आहेत. मी मानते ते फोनबद्दल. रोज संध्याकाळी नातवाच्या फोनवरून तुम्ही मला अख्खा वग म्हणायला लावायचात, सगळ्यांची वाक्यं मीच बोलायची, तिकडून तुम्ही तोंडानं ढोलकीचे बोल म्हणायचात. शेजारणीला वाटायचं मला भ्रम झालाय. फड पुन्हा उभा राहिला तेव्हा निम्म्या मंडळींना वग आठवत नव्हता, त्यांना मी पाठ करून घेतला.

आता काम आहे म्हणून मुद्दाम लिहिते. माझी लेक बारावीला आहे. परीक्षा झाली की शिकायचंय असं तिनं स्वतः सांगितलं, मी भरीला घातलेलं नाही. कॉलेज सोडणार नाही, हे आमचं आधीच ठरलंय. घरात आम्ही सगळे आहोत, पण तिला आमच्यापैकी कुणी शिकवलेलं मला नको. बुद्धपौर्णिमेला सीझन संपला की गाडी पाठवते, पावसाळाभर आमच्याकडे राहा. गुडघे दुखतात तुमचे, तर खुर्चीत बसून टाळी द्या. पैसे आधी पाठवते. ही उचल नाही मास्तर, फेडायची नाही. नाही म्हणालात तर मी ट्रक घेऊन दारात येईन, सगळा फड आत बसवून.

आपली,
रांगेतली शेवटची