भिंतीवरच्या दोन रेघा

पुणे,
२८ एप्रिल २०२४

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, काल फोनवर तुम्ही सहज म्हणून गेलात की पुढच्या आठवड्यात रंगारी येणार असून या खेपेला आपल्या चिपळूणच्या घरातल्या, जिन्याजवळच्या पुराच्या रेघाही पुसून टाकायच्या आहेत. त्या वेळी मी नुसतेच ‘बरं’ म्हटले. रात्री मात्र ते मनातून जाईना, म्हणून हे पत्र.

खालची रेघ २६ जुलै २००५ ची, तुम्ही सुतारी पेन्सिलीने खिडकीच्या गजांपाशी ओढलेली. वरची २२ जुलै २०२१ ची, चौकटीच्याही हातभर वर, आईने कोळशाने काढलेली. वाशिष्ठी आणि शिव या दोन्ही नद्या, त्यात समुद्राची भरती, आणि कोयनेचे वीजनिर्मितीचे पाणी कोळकेवाडी धरणातून किती व केव्हा सुटले यावरचा न संपणारा वाद. हे सारे त्या कोळशाच्या रेघेत आहे.

पाचव्या दिवशी मी पोचले तेव्हा आई फोटोंच्या अल्बमची पाने सोडवून दोरीवर चिमट्यांनी वाळत घालत होती आणि तांदळाच्या पिंपाला आंबूस वास सुटला होता. तिच्या माहेरची मुले फावडी, घमेली आणि फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या घेऊन आली होती. ती थेट आपल्या ओटीवर चढू लागली, तेव्हा आईने त्यांना थांबवून आधी गल्लीचे गटार मोकळे करायला लावले, कारण गटार तुंबलेले असताना धुतलेला गाळ पुन्हा कोणाच्या तरी उंबऱ्यावर येणारच. आपले घर त्या दिवशी सर्वांत शेवटी धुतले गेले. मला तेव्हा रागच आला होता, हे आज कबूल करते.

ते दिवस कष्टाचे होते, तरी एका अर्थाने सोपे होते, कारण सगळेच एका चिखलात उभे होते. अवघड काम पुढचे. डिसेंबर २०२१ मध्ये चिपळूण बचाव समितीने वाशिष्ठीतील गाळ उपसावा म्हणून साखळी उपोषण केले, तेव्हा तुम्ही गुडघे दुखत असताना तिथे जाऊन बसलात आणि मी इथून ‘या वयात कशाला?’ म्हणून ओरडले. नंतर नदीत यंत्रे उतरली. ती बसून राहिलेल्या माणसांमुळे उतरली, असे मला वाटते.

आता तुमची अडचण मला कळते. पूररेषांवरून गावात असंतोष आहे. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल रेषा नकाशावर आखली की जुन्या घरांच्या बांधकाम परवानग्या अडतात, जागेचा भाव पडतो, आणि शेजारी म्हणतात की काका, तुमच्या भिंतीवरची ती खूण कशाला मिरवता? त्यांचे दुःख खरे आहे. नियम जाचक असेल तर त्याविरुद्ध हरकत घ्यावी, सुनावणीला जावे, भांडावेही. परंतु हरकत घेणाऱ्याच्या हातात तरी दुसरे काय असते? पाणी कुठपर्यंत आले हे दाखवायला आपल्याकडे या दोन रेघांखेरीज काही नाही, कारण बाकी सगळे आपण स्वतःच धुऊन काढले. शिवाय समोरच्या तळमजल्यावर आलेल्या त्या नव्या जोडप्याला कोण सांगणार? त्यांनी कपाटाच्या खालच्या खणात बाळाची कागदपत्रे ठेवली आहेत, हे आईनेच मला सांगितले.

लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ पासूनचे, आणि तिथली पुस्तकेही दोन्ही पुरांत भिजली. कागदावर आपल्या गावाने फार विसंबू नये. (तुमची जुन्या बिलांची फाइल तेवढी माळ्यावर हलवा, हेही आलेच.)

पुण्याला या, असे मी गेली तीन वर्षे म्हणत आले आहे. यापुढे म्हणणार नाही. एवढेच करा, रंगाऱ्याला दोन्ही रेघांभोवती चिकटपट्टी लावून वीतभर जागा सोडायला सांगा. आई, कोळसा पुसट झाला असेल तर हात लावू नकोस. मी मेअखेरीस येते तेव्हा ऑइलपेंटचा लहान डबा घेऊन येईन. पाणी पहाटे अंगणात कधी आले आणि माडीच्या कितव्या पायरीवर थांबले, ते तू सांग, मी तारखेखाली लिहीन.

तुमची,
ताई