टेंपोचा सेल्फ उतरवण्याआधी

शारजा

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार.

पत्रास कारण की, रविवारी फोनवर धाकट्याने दोन गोष्टी सांगितल्या. गॅरेजसाठी गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषाचे कोड वाचणारा मोठा स्कॅनर घ्यायचा असून मी त्यासाठी पैसे पाठवावेत, ही पहिली. डेअरीच्या टेंपोची बॅटरी वर्षात दोनदा बदलूनही पहाटे सेल्फ, म्हणजे इंजिन चालू करणारी मोटर, जडच फिरते आणि मालक आता नवा सेल्फ बसवा म्हणून मागे लागला आहे, ही दुसरी. फोनवर सांगितलेले आकडे लक्षात राहत नाहीत, म्हणून सविस्तर लिहितो. पैसे मी जरूर पाठवीन. पण स्कॅनरच्या आधी व्होल्ट आणि ओहम मोजणारा एक चांगला मल्टिमीटर आणि डीसी करंट मोजणारा क्लॅम्प घ्यावा, आणि मोजमाप होईपर्यंत टेंपोचा सेल्फ उतरवू नये, अशी माझी विनंती आहे.

मागच्या महिन्यात आमच्याकडे एक डिझेल पिकअप टो करून आणली होती. तक्रार टेंपोसारखीच होती. आधीच्या गॅरेजने बॅटरी बदलली होती, सेल्फही नवा बसवला होता, आणि तरीही किल्ली मारली की सेल्फ दोन-तीनदा कण्हून थांबत असे. बॅटरीवर मीटर लावला तर १२.६ व्होल्ट, म्हणजे बॅटरी पूर्ण भरलेली. मग मी मीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, टर्मिनलवर नव्हे तर थेट शिशाच्या खांबावर धरली, लाल पिन इंजिनच्या ब्लॉकवर घासून उघड्या केलेल्या लोखंडावर टेकवली आणि हेल्परला किल्ली मारायला सांगितले. या दोन जागांच्या मध्ये फक्त बॅटरीकडे करंट परत नेणारी जाड अर्थ केबल असते, त्यामुळे सेल्फ फिरतानाही तिथे ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसायला नको. मीटरने १.८ दाखवले.

त्या वेळी क्लॅम्पवर १५० अँपिअर होते. १.८ ला १५० ने भागले की ०.०१२ ओहम येतात. एवढ्याशा अडथळ्यात २७० वॅट नुसते उष्णता होऊन जात होते आणि सेल्फ उपाशी राहत होता. साध्या मीटरच्या स्वतःच्या वायरींचा अडथळासुद्धा याच्या कितीतरी पट असतो, म्हणून ती केबल ओहमवर तपासली असती तर निर्दोषच ठरली असती. ब्लॉकवरचा नट सोडला तेव्हा लगच्या, म्हणजे केबलच्या टोकाच्या कडीच्या, खाली पांढरट हिरवी पूड साचलेली दिसली. इथे समुद्राची खारी हवा आहे. वरून लग चकचकीत दिसतो आणि आतून खाल्लेला असतो. पॉलिश पेपरने दोन्ही बाजू घासून नट पुन्हा आवळल्यावर मीटरने ०.०८ दाखवले आणि गाडी पहिल्या किल्लीला चालू झाली. काढलेला जुना सेल्फ मालकाने खोक्यात घालून गाडीच्या हौद्यात ठेवला होता. तो मी बाकावर जोडून फिरवून पाहिला. त्यात काहीही दोष नव्हता. त्या माणसाचे मला फार वाईट वाटले.

टेंपोवर हेच करावे. धाकट्याने आधी डिझेल बंद करावे, म्हणजे सेल्फ फिरेल पण इंजिन चालू होणार नाही, आणि गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हँडब्रेक ओढावा. पहिले माप वर लिहिल्याप्रमाणे अर्थचे घ्यावे. दुसऱ्या मापासाठी लाल पिन बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर आणि काळी पिन सेल्फच्या जाड बोल्टवर धरावी. तिथे साधारण ०.५ व्होल्टपर्यंत चालेल. दोन्ही मापे किल्ली मारलेली असतानाच घ्यावीत, कारण करंट वाहत नसेल तर खराब जोडावरसुद्धा व्होल्ट पडत नाहीत. मापे ठीक आली, तर रात्री उभ्या गाडीत बॅटरी कोण पिते ते पाहावे. गाडी बंद करून अर्धा तास थांबावे आणि मग क्लॅम्प लावावा. ५० मिलिअँपिअरपेक्षा जास्त करंट दिसला तर प्रत्येक फ्यूजच्या दोन टोकांवर मिलिव्होल्ट मोजावेत. ज्या फ्यूजवर आकडा दिसेल त्या सर्किटमधून करंट जातो आहे. एकेक फ्यूज उपटत बसू नये, कारण नव्या गाड्यांत त्या धक्क्याने झोपलेले युनिट पुन्हा जागे होते.

वायरिंगच्या बाबतीत मला येथे आल्यावर कळलेली सर्वांत उपयोगी गोष्ट हीच, की वायर करंट वाहत असतानाच तपासावी. वायरीच्या वीस तारांपैकी एकोणीस तुटल्या आणि एकच उरली, तरी मीटर बीप देतो आणि १२ व्होल्ट दाखवतो. त्याच वायरीवर हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब जोडला, तर तो मिणमिणतो किंवा पेटतच नाही. होल्डरला दोन वायरी लावलेला असा एक जुना बल्ब आपल्या फळीवर कायम असावा. मात्र तो एअरबॅगच्या किंवा कॉम्प्युटरच्या वायरीला कधीही लावू नये.

आता स्कॅनरविषयी. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ हे गाड्यांच्या धुराचे नियम लागू झाल्यावर स्कॅनरशिवाय निभावणार नाही, हे धाकट्याचे म्हणणे खरे आहे. पण कोड म्हणजे तक्रार आहे, निकाल नव्हे. पहिल्या वर्षी एका पेट्रोल गाडीत पी ०१७१, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, असा कोड आला आणि मी ऑक्सिजन सेन्सर बदलून टाकला. तिसऱ्या दिवशी तोच दिवा पुन्हा लागला. सेन्सर खरेच सांगत होता. आमच्या फोरमनने मला फ्यूएल ट्रिम, म्हणजे मिश्रण बरोबर ठेवायला कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतो किंवा कमी करतो तो आकडा, वाचायला बसवले. गाडी स्लोवर, म्हणजे रेस न देता चालू, असताना तो अधिक २४ टक्के होता आणि २५०० आरपीएमला अधिक ४ वर उतरत होता. बाहेरची हवा कुठूनतरी आत शिरत असेल तर तिचा वाटा स्लोवर मोठा पडतो आणि रेस वाढवली की एकूण हवेत तो किरकोळ होतो, म्हणून आकडा असा उतरतो. उलट पंप किंवा फिल्टर कमजोर असेल तर लोडवर आकडा चढत जातो. इनटेकमध्ये धुराचे मशीन लावले, तेव्हा रबरी होजच्या खालच्या घडीतून धुराची एक बारीक रेघ निघाली. चीर इतकी बारीक होती की होज हाताने वाकवल्याशिवाय दिसत नव्हती. म्हणून स्कॅनर घेताना कोड वाचणारा नव्हे, तर असे चालू आकडे दाखवणारा घ्यावा.

तुम्ही लांब पेचकसाचे टोक ब्लॉकला आणि मूठ कानाला लावून कोणते बेअरिंग वाजते ते सांगत होता, ते मी येथे आजही करतो. स्टेथोस्कोप कपाटात आहे, पण माझा हात आधी पेचकसाकडेच जातो. तुम्ही आवाजाची जागा पक्की केल्याशिवाय कधी पाना हातात घेतला नाहीत. धाकट्याने वायरिंगच्या कामातही तसेच वागावे, एवढ्यासाठी हे सर्व लिहिले.

मीटर घेताना त्यावर कमाल आणि किमान आकडा धरून ठेवणारे बटण असल्याची खात्री करावी. किल्ली मारतानाचा आकडा क्षणात निसटतो. टेंपोची दोन्ही मापे आणि रात्रीचा करंट कागदावर लिहून मला कळवावे, तोवर मालकाला थोपवून धरावे. या महिन्याचे पैसे दहा तारखेपर्यंत पोहोचतील.

आईस साष्टांग नमस्कार, धाकट्यास आशीर्वाद.

तुमचा,
थोरला